कठडा नसलेली खिडकी : हेडसेट आणि मॉनिटर यांच्यामधली ये-जा



गेल्या व्याख्यानात आपण स्वप्न आणि जागृती यांचा विचार केला. आज त्याच वाटेने थोडं पुढे जायचं आहे, पण उदाहरण घेणार आहोत ते कॉम्प्युटर गेमचं. विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हाला फोन केला, "सर, पत्रिकेत छपाईची चूक झालीय का?" चूक नाही. ज्याची हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गेमवर बोलावं, याला तसंच कारण घडलं. आमच्या उजव्या मनगटाकडे पाहिलंत तर ते कळेल. प्लास्टर निघून महिना झाला, अजून मूठ पुरती वळत नाही.

झालं ते असं. आमचा नातू इंजिनीअरिंगला आहे. त्याच्या टेबलावर एक मोठा मॉनिटर, विमान चालवायची जॉयस्टिक आणि अलीकडे घेतलेला एक व्हीआर हेडसेट. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा त्याचा आवडता खेळ. एका रविवारी आम्ही त्याच्या शेजारी बसून मॉनिटरवर ते पाहत होतो. लोहगावच्या धावपट्टीवर छोटं विमान उभं, समोर घड्याळांसारखी यंत्रं, खाली एक कठडा. पाचेक मिनिटं पाहिलं. मग तो म्हणाला, "आजोबा, आता आत बसून बघा." त्याने हेडसेट आमच्या डोक्याला बांधला, कीबोर्डवरची दोन बटणं दाबली, आणि तेच विमान, तीच यंत्रं, तोच कठडा आमच्या भोवती उभा राहिला. थोड्या वेळाने पाय अवघडले म्हणून आम्ही उठायला गेलो आणि आधारासाठी हात टेकला, त्या कठड्यावर. "आजोबा, अहो तिथे काही नाहीये!" असं तो ओरडेपर्यंत आम्ही फरशीवर होतो.

दवाखान्यातून आल्यावर सूनबाईने निकाल दिला, "बाबा, हे यंत्र आता या घरात राहणार नाही." नातू बिचारा आमच्या नजरेला नजर देईना. आमच्या मनात मात्र प्लास्टरच्या आत खाज सुटावी तसा एक प्रश्न वळवळत होता. पाच मिनिटांपूर्वी तोच कठडा आम्ही मॉनिटरवर पाहिला होता. तेव्हा त्यावर हात टेकावा असं मनातसुद्धा आलं नाही. गेम तोच, कॉम्प्युटर तोच, पाहणारा माणूस तोच. मग बदललं काय?

आजचं व्याख्यान एवढ्याच प्रश्नावर आहे.

आधी यंत्राच्या अंगाने पाहू. गेममध्ये एक जग असतं, आणि ते 'पाहणारा' एक काल्पनिक कॅमेरा त्या जगात ठेवलेला असतो. मॉनिटरसाठी कॉम्प्युटर त्या कॅमेऱ्यातून एक चित्र काढतो, साधारणपणे सेकंदाला ६० वेळा. तुम्ही मान डावीकडे वळवलीत तर चित्र बदलत नाही. तुम्हाला दिसते ती खोलीची भिंत, कॅलेंडर, चहाचा कप. चित्राला कडा असतात आणि त्या कडांच्या बाहेर तुमचं घर असतं.

हेडसेटमध्ये दोन कॅमेरे लागतात, उजव्या-डाव्या डोळ्यासाठी वेगळे. आपल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरीने सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास असतं, तेवढ्याच अंतरावर ते ठेवतात. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली तयार करतो, हे तत्त्व व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली स्टिरिओस्कोप करून दाखवलं होतं. थ्रीडी सिनेमाचा चष्माही त्याच तत्त्वावर चालतो. २०१३ साली 'झपाटलेला २' बघताना तुमच्यापैकी काहींनी तो घातला असेल. पण तो चष्मा घालून मान वळवली तर शेजारचा प्रेक्षक दिसतो. हेडसेटमध्ये मान वळवली की तिथलंच जग वळून दिसतं, कारण यंत्र डोक्याची हालचाल सतत मोजतं आणि त्याप्रमाणे चित्र नव्याने काढतं. डोक्याला बांधायचं असं उपकरण आयव्हन सदरलँड यांनी १९६८ सालीच बनवलं होतं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. घरोघरी घेता येतील असे हेडसेट २०१६ पासून बाजारात आले.

आता या अदलाबदलीचा कॉम्प्युटरवर काय भार पडतो ते पाहा. २०१६ सालच्या हेडसेटमध्ये सेकंदाला ९० चित्रं लागत, म्हणजे एक चित्र तयार करायला जेमतेम ११ मिलिसेकंद. मॉनिटरच्या ६० चित्रांना जवळजवळ १७ मिलिसेकंद मिळतात. शिवाय भिंगांमुळे चित्र वाकतं, ते सरळ दिसावं म्हणून आधी मोठं काढून मग उलटं वाकवावं लागतं. सगळा हिशोब केला तर साध्या फुल एचडी मॉनिटरच्या साडेतीन पटींहून अधिक पिक्सेल दर सेकंदाला रंगवावे लागत. म्हणूनच मॉनिटरवर झकास चालणारा गेम हेडसेटमध्ये अडखळतो. नातवाच्या गेममध्ये या दोन्हींसाठी ग्राफिक्सची सेटिंग्ज वेगवेगळी ठेवलेली आहेत, ती याचसाठी.

बरं, अडखळला तर काय होतं? मॉनिटरवर अडखळला तर आपण चिडतो. हेडसेटमध्ये अडखळला तर पोटात ढवळतं. हा फरक तुम्ही नीट ध्यानात घ्या, आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

देहूरोडला राहणाऱ्या माणसाला हे समजावायला प्रयोगशाळा लागत नाही. तुम्ही लोणावळा लोकलमध्ये खिडकीशी बसलेले असता. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी असते. अचानक वाटतं, चला, आपली गाडी सुटली. मग दुसऱ्या बाजूला फलाट दिसतो, चहावाला जागच्या जागी उभा असतो, आणि कळतं की सुटली ती शेजारची गाडी. नजरेचा मोठा भाग एकाच दिशेने सरकायला लागला की मेंदू असा निष्कर्ष काढतो की मीच हललो. एरवी त्याला खोडून काढायला फलाट असतो. मॉनिटरच्या भोवतीची तुमची खोली म्हणजे तो फलाट. हेडसेटमध्ये फलाटच काढून घेतलेला असतो. डोळे सांगतात 'मी हललो', कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं 'मी खुर्चीत स्थिर आहे', आणि या दोन साक्षीदारांच्या भांडणात मळमळ सुटते. निदान सर्वाधिक मानली जाणारी उपपत्ती हीच आहे.

म्हणजे बदललं काय? मॉनिटरसमोर मी 'इथे' असतो आणि 'तिकडे' पाहतो. हेडसेटमध्ये मी 'तिकडे' असतो. चित्र बदलण्यापेक्षा पाहणाऱ्याची जागा बदलते. आपल्या परंपरेत द्रष्टा, दृश्य आणि दर्शन अशी त्रिपुटी सांगतात. ज्ञानदेवांनी 'चांगदेव पासष्टी'त आरशाच्या दृष्टांताने तिचा विचार केला आहे. कीबोर्डवरची ती दोन बटणं दृश्याला हातही लावत नाहीत. ती द्रष्ट्याला उचलून दुसरीकडे ठेवतात. आणि द्रष्टा हलला की त्याच्याबरोबर त्याचा तोल हलतो, त्याचे हात हलतात, टेकायची सवय हलते. मोडतं ते मनगट.

गेम तयार करणाऱ्यांना हे अनुभवाने कळलं. मॉनिटरवरच्या गेममध्ये कॅमेरा दिग्दर्शकाच्या हातात असू शकतो. तो एकदम वर उडतो, खलनायकाच्या चेहऱ्यावर झेपावतो. पुण्याच्या स्टुडिओने २०२० साली आणलेला 'राजी' नावाचा गेम आहे. त्यात आपण नायिकेला लांबून, बऱ्याचदा उंचावरून पाहतो, आणि ते फार देखणं दिसतं. पण हेडसेटमध्ये तुमच्या परवानगीशिवाय कॅमेरा हलवणं म्हणजे कुणी मानगूट धरून डोकं फिरवण्यासारखं आहे. तिथे नजरेवर तुमचा हक्क लागतो. 'एलिट डेंजरस' या अंतराळाच्या खेळात याचं मजेशीर उदाहरण आहे. यानात बसून उडण्यासाठी तो हेडसेटमध्ये उत्तम. पण २०२१ साली त्यात यानातून उतरून पायी चालण्याचा भाग आला, तेव्हा हेडसेटच्या आत डोळ्यांसमोर एक सपाट पडदा धरला गेला आणि चालणं त्या पडद्यावर दाखवलं गेलं! म्हणजे आभासी जगाच्या आत पुन्हा मॉनिटर. बसलेल्या माणसाचं शरीर खुर्चीत असतं, ते यानाच्या खुर्चीशी जुळतं. चालणाऱ्या माणसाचे पाय कुठून आणायचे?

यावरून अदलाबदलीचे तीन प्रकार पडतात. काही गेममध्ये खेळ न थांबवता ये-जा करता येते, जसं फ्लाइट सिम्युलेटरमध्ये २०२० च्या डिसेंबरपासून कंट्रोल-टॅब दाबलं की झालं. काहींमध्ये गेम बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. आणि काहींची आवृत्तीच वेगळी, 'स्कायरिम'सारखी, तीही वेगळे पैसे मोजून. 'हाफ-लाइफ : ॲलिक्स' तर २०२० साली केवळ हेडसेटसाठीच निघाला. बसून खेळायचे, वाहन चालवायचे खेळ सहज ये-जा करू देतात. हातापायांचे खेळ करू देत नाहीत. कारण तुम्हाला आता कळलंच असेल.

आता आमच्या खास विषयाकडे येतो. तुम्ही म्हणाल, "सर, तुम्हाला माहीत नव्हतं का, की तो कठडा खोटा आहे?" चांगलं माहीत होतं. लोहगाव आमच्या घरात कसं येईल? आणि तरीही हात टेकला गेला. हे कसं?

दोरीवर साप भासण्याचा दृष्टांत सगळ्यांना ठाऊक आहे. दिवा आणला, दोरी दिसली, साप संपला. पुन्हा प्रयत्न केला तरी तो दिसत नाही. पण वेदान्ती आचार्यांनी भ्रमाचा दुसराही प्रकार सांगितला आहे. स्वच्छ स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. तुम्हाला कळलं की स्फटिक पांढरा आहे, लाली फुलाची आहे. तरी तो लालच दिसत राहतो! ज्ञान झालं, पण भास गेला नाही. फूल उचललं की मगच जातो. फुलाला म्हणतात उपाधी, आणि या भ्रमाला सोपाधिक भ्रम. वर्गात हा भेद शिकवताना मुलं जांभया द्यायची. आता आमच्याकडे मनगट आहे. हेडसेट हे जास्वंदीचं फूल आहे. बुद्धीला शंभर वेळा सांगा की हे खोटं आहे, तोल, हात आणि पोट ऐकत नाहीत. फूल उचलावंच लागतं.

आम्हाला आज सांगायचं आहे ते इतकंच, की हेडसेटमधून मॉनिटरवर परत येण्याचं बटण ही केवळ सोय नाही. जो भ्रम ज्ञानाने जात नाही, त्यातून बाहेर पडायचं ते दार आहे. दार कुठे आहे, ते चटकन उघडतं का, हे आत जाण्याआधी माहीत असलं पाहिजे. आमची चूक कठडा खरा मानण्याची नव्हती. दार माहीत नसताना उठण्याची होती.

आणि दारातून बाहेर आलं की सगळं लगेच पूर्ववत होत नाही, बरं का. कॉम्प्युटर काही सेकंदांत बदलतो, शरीर सावकाश बदलतं. अलिबागच्या बोटीतून उतरल्यावर काही वेळ धक्काही डुलतो, तसंच. डोळ्यांचीही गंमत आहे. खऱ्या जगात जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि आतलं भिंगही जवळच्यासाठी जुळतं. हेडसेटमध्ये डोळे वळतात, पण भिंगाला सतत एकाच ठरावीक अंतरावर जुळून राहावं लागतं. या ओढाताणीने डोळे थकतात. म्हणून तोल आणि नजर ठिकाणावर येईपर्यंत गाडी चालवू नका, असं हेडसेटबरोबर येणाऱ्या सूचनांमध्ये सांगितलेलं असतं. ज्यांची मुलं खेळून उठतात आणि तडक बाईक काढून मुंबई-पुणे रस्त्याला लागतात, त्यांनी ही सूचना घरात मोठ्याने वाचावी.

आता आमच्या घरी पुढे काय झालं ते सांगतो. हेडसेट कपाटात गेला होता. हातात प्लास्टर, वाचायचा कंटाळा. एक दिवस आम्हीच नातवाला म्हटलं, "तू घाल, मी बाहेर बसतो." तो म्हणाला, "आई रागावेल." आम्ही म्हटलं, "आईला इथेच बोलाव." त्याने हेडसेट घातला, खुर्चीतून न उठण्याच्या अटीवर. आणि आमच्या लक्षात आलं की हेडसेट चालू असताना मॉनिटर बंद होत नाही. आत तो जे पाहतो त्याचं सपाट प्रतिबिंब बाहेर मॉनिटरवर दिसत राहतं. आम्ही कागदाचा नकाशा मांडीवर घेतला. "रेल्वेचा रूळ धर. आता उजव्या हाताला इंद्रायणी दिसेल. डावीकडे गहुंजेचं क्रिकेट मैदान, गोल. ते आलं की आपलं देहूरोड." तो मान वळवायचा की मॉनिटरवर चित्र वळायचं. पुढे डावीकडे पवनेचं धरण चमकलं तेव्हा सूनबाई हातातली भाजी निवडायची थांबून म्हणाली, "अरे, जरा खाली घे, बघू दे." तो आत होता, आम्ही दोघं बाहेर होतो, आणि प्रवास तिघांचा होता.

आतल्याला जे जवळून दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही, पण दिशा बाहेरच्याला कळते. यावर बेतलेला एक गेमही आहे, २०१५ सालचा. त्यात हेडसेट घातलेल्याला एकट्याला बॉम्ब दिसतो आणि तो निकामी कसा करायचा याचं पुस्तक बाहेर बसलेल्यांच्या हातात असतं. एकमेकांशी बोलल्याशिवाय कुणीच वाचत नाही.

तेव्हा आमच्या घरचे नियम सांगतो. उपकरण घरी असेल तर तुमच्याही कामी येतील. आत जाणाऱ्याने बसून जावं, आणि खुर्ची हाताची असावी. बाहेर पडायचं बटण डोळे मिटून सापडेल असं जॉयस्टिकवर लावून ठेवावं, कारण आत गेल्यावर कीबोर्ड दिसत नाही. भिंत जवळ आली की जाळी दाखवणारी सोय असते, ती बंद करू नये. पोटात ढवळलं तर 'सवय होईल' म्हणत रेटू नये, लगेच बाहेर यावं. आणि गेम घेताना शक्यतो मॉनिटरवरही चालणारा घ्यावा. काही हेडसेट ज्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटी प्रणालीवर चालत, ती मायक्रोसॉफ्टने २०२४ सालच्या विंडोजमधून काढून टाकली. तिथे हेडसेट अडगळीत गेले, मॉनिटरवरचे गेम चालू राहिले.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे देत आहोत.)

प्रश्न : सर, माझी मुलगी म्हणते, हेडसेटनंतर मॉनिटर फिका वाटतो. मग परत यायचंच कशाला?

फिका वाटतो हे खरं आहे. मॉनिटरवरचं विमान टेबलावर मावतं, हेडसेटमधलं विमान विमानाएवढं असतं, कारण तिथे मोजमापाची पट्टी तुमचं शरीर असतं. पण मुलीला विचारा, बारीक अक्षरं कुठे नीट वाचता येतात? तीन तास कुठे बसवतं? आणि खेळता खेळता आईशी कुठे बोलता येतं? नाटकाचा प्रेक्षक रंगमंचावर चढला तर त्याला नाटक दिसायचं थांबतं. रसाला थोडं अंतर लागतं, असं आपले जुने आचार्य सांगून गेलेत. अनुभव हवा तर आत जावं, पाहायचं असेल तर बाहेर यावं.

प्रश्न : पण मग शेवटी खरं कोणतं?

ज्या गावात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तिथे या प्रश्नाला बौद्ध आचार्याचं नाव घेऊनच उत्तर द्यायला हवं. धर्मकीर्ती म्हणतात, जे काही कार्य करू शकतं ते सत्. या कसोटीवर तो कठडा नापास, त्याने आमचा भार पेलला नाही. पण त्याच कठड्यामुळे मनगट मोडलं, हेही कार्यच की! वसुबंधूंनी 'विंशतिके'त हेच दाखवलंय, की स्वप्नातली वस्तू नसते, तरी तिचा परिणाम जाग्या शरीरावर उमटतो. म्हणून आम्ही असं म्हणू : आतलं जग भार पेलत नाही, पण परिणाम करतं. जे परिणाम करतं ते थट्टेवारी न्यायचं नाही, आणि जे भार पेलत नाही त्यावर टेकायचं नाही.

वेळ झाली. पुढच्या महिन्यात 'साक्षी' या कल्पनेवर बोलू. उठताना खुर्चीचा हात धरून उठा, तो खरा आहे. नमस्कार.